आण्णांची वही आणि दहाचं ॲव्हरेज

३ ऑगस्ट २०२५, रविवार. किलोमीटर ९८,४१२

गाडी २०१२ची. पेट्रोल, १२०० सीसी, चार सिलिंडर, पाच गियर. २०१९पर्यंत वाईला आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होती, मग माझ्याकडे धायरीत आली. सध्या लिटरला दहा-अकरा देत असावी. ‘असावी’, कारण मी कधी मोजलेलंच नाही. पंपावर काच खाली करून ‘हजारचं टाक’ म्हणणारा माणूस मी. हल्ली हजारात आठवडाही निघेना, तेव्हा डोक्यात किडा वळवळायला लागला.

आज पीयूसीचा कागद शोधताना डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली आण्णांची वही सापडली. पुठ्ठ्याची, दोनशे पानी. २०१३ ते २०१८, प्रत्येक वेळच्या पेट्रोलची नोंद: तारीख, किलोमीटर, लिटर, दर आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्यात ‘पाहुणे ५’, ‘तांदूळ १ पोतं’, ‘पाचगणी दोनदा’. निवृत्त मास्तरांची वही असते तशी. २०१६ची सगळी पानं बेरजेला घेतली: ३६६ दिवसांचं ॲव्हरेज १६.४. सगळ्यात चांगला आकडा वाई-कोल्हापूरचा, १९.१.

कंपनीच्या कागदावर १८.६ आहे, पण त्याच्याशी माझं भांडण नाही. तो आकडा प्रयोगशाळेत येतो. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आराखड्याप्रमाणे पळवतात. एसी बंद असतो, खड्डा नसतो, मधे रिक्षा येत नाही. हे काम करणाऱ्यांपैकी एआरएआय तर आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिथून खाली पौड फाट्यावर उतरलं की १८.६ संपतं. माझी तुलना वहीतल्या आकड्याशी. तीच गाडी, तेच इंजिन.

नियम ठरवले. एकच पंप, एकच नोझल, गाडी त्याच बाजूला उभी. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. ‘साहेब, राउंड फिगर करू?’ला नाही म्हणायचं. वर कोंबलेलं पेट्रोल वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं, तो डबा खराब होतो आणि हिशेबही चुकतो. एका वेळी एकच बदल करायचा. हा शेवटचा नियम मी मोडणार हे बायकोने आत्ताच सांगून ठेवलंय.

टाकी फुल केली.

१६ ऑगस्ट, शनिवार. ९८,६८९

२७७ किमी, २५.६ लिटर. १०.८२. लिटर १०४च्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ रुपयांच्या वर. ऑफिस दहा किलोमीटरवर एरंडवण्यात. रोज जाऊन-येऊन १९० रुपये, आणि तेही एवढ्या वेळात सिंहगड चढून होईल अशा गतीने.

ऑफिसात ज्याला सांगावं तो एकच शब्द बोलतो: ‘इथेनॉल’. सोसायटीच्या ग्रुपवर तर निकालच लागलाय. माझाही पहिला संशय तिथेच होता. पण आकडेमोड करून पाहिली. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलमध्ये २१. हल्ली पंपावर मिळतं त्या ई२०मध्ये आठ भाग पेट्रोल, दोन भाग इथेनॉल: २५.६ अधिक ४.२, म्हणजे २९.८. जवळजवळ सात टक्के तूट. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही, जुन्या पेट्रोलसाठी बनवून ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२०वर ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल असंच लिहिलं होतं. म्हणजे तूट खरी आहे, आणि ती सांगून आलेली आहे.

आता वहीतल्या १६.४मधून सात टक्के काढा: सव्वापंधरा. मला मिळतात पावणेअकरा. मधले साडेचार इथेनॉलच्या नावावर टाकता येत नाहीत. काही वाटा पुण्याच्या ट्रॅफिकचा असणार. आण्णांना वाईत एकही सिग्नल लागत नव्हता.

१७ ऑगस्ट

फुकटची कामं आधी. सकाळी गाडी थंड असताना हवा तपासली. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर चारही चाकांना ३० पीएसआय लिहिलंय. निघाली २४, २५, २२ आणि २६. पंक्चरवाल्याने गेल्या महिन्यात ‘तीस टाकली’ म्हणून सांगितलं होतं. पण मी तिथे पंधरा किलोमीटर चालवून, तापलेल्या टायरने गेलो होतो. गरम टायरमधली हवा दोन-चार पीएसआय जास्तच दाखवते. शिवाय त्याच्या गेजचा काटा हवा न लावताच दोनवर बसतो. स्वतःचा गेज घेतला.

डिकीतून निघालं: क्रिकेटची किट, दोन छत्र्या, बंद पडलेला इन्व्हर्टरचा पंखा, आणि गेल्या गणपतीतलं थर्माकोल. तीस-बत्तीस किलो असेल. टनभराच्या गाडीला याने मोजता येण्यासारखा फरक पडणार नाही, पण डिकी उघडल्यावर लाज वाटायची ती थांबली.

२३ ऑगस्ट

ऑफिसातून आल्यावर चारही रिमांना हात लावून पाहिले. मागच्या दोन कोमट. पुढची उजवी गरम, पण हात ठेवता येतो. पुढच्या डावीला चटका बसला. पाण्याचे चार थेंब उडवले तर चर्र आवाज. म्हणजे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतायत.

गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने चाक काढून कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, हलवून पाहिला, ‘पिना सुकल्यात’ म्हणाला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांचं रबर फाटून आत पाणी गेलेलं, गंज चढलेला. पिना पॉलिश पेपरने घासल्या, नवीन रबर, ब्रेकचं ग्रीस. ६०० रुपये. नंतर जॅकवर चाक हाताने फिरवलं तर दोन फेऱ्या सहज गेलं. आधी अर्ध्या फेरीत अडत होतं.

हे खरं तर ॲव्हरेजसाठी नव्हे, जिवासाठी करायचं काम. एका बाजूचा ब्रेक धरून राहिला की ओल्या रस्त्यावर गाडी तिकडे ओढते.

२६ ऑगस्ट, मंगळवार. ९८,८९३

वाईला निघण्याआधी टाकी. २०४ किमी, १८.२ लिटर, ११.२. हवा आणि ब्रेक दोन्ही मिळून चार टक्क्यांच्या आसपास. बायकोचं खरं झालं, मी एका टाकीत दोन बदल केले.

३१ ऑगस्ट, रविवार. ९९,०८७

गणपतीची फेरी. १९४ किमी, १२.९ लिटर, १५.०.

मला हवा होता तो हाच आकडा, कारण यात सिंहगड रोड नाही. नवले पुलापासून सुरूर फाट्यापर्यंत सरळ महामार्ग, वेग ७०-८०, गाडीत तिघं. असल्या रस्त्याला आण्णांच्या वहीत १८.५ ते १९ आहे. ई२०चे सात टक्के वजा करून सव्वासतरा ते साडेसतरा यायला हवेत. इथेही सव्वादोन-अडीच कमी. म्हणजे सगळा दोष ट्रॅफिकवरही टाकता येत नाही. गाडीतच काहीतरी आहे, आणि ते मोकळ्या रस्त्यावरही पाठ सोडत नाही.

जाताना महामार्गावरचे किलोमीटरचे दगडही पाहत गेलो. ५० दगडांना ओडोमीटर ५१ दाखवतो. दोन टक्के जास्त. म्हणजे माझे सगळे आकडे खरे तर आणखी दोन टक्क्यांनी कमी आहेत. पण आण्णाही याच ओडोमीटरने मोजत होते, त्यामुळे तुलनेला धक्का नाही. तसेच राहू दिले.

इतर तक्रारी: खंबाटकी घाट चढताना धो-धो पाऊस, काचेवर वाफ. हीटर लावला तर वारा कोमट. बायको म्हणाली, ‘हा हीटर तीन वर्षं असाच आहे, मी तुला सांगितलंय.’ पावसाळ्यानंतर बघू.

१४ सप्टेंबर, रविवार

ओबीडीचं यंत्र आलं. ईएलएम३२७ म्हणून मिळतं ते, काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं, ब्लूटूथने फोनला जोडायचं. इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, काय दिसतंय ते फोनवर दिसतं. एरर कोड एकही नाही. चेक इंजिनचा दिवाही कधी लागलेला नाही.

फ्युएल ट्रिम आधी पाहिलं. ईसीयूकडे ‘इतक्या हवेला इतकं पेट्रोल’ असा तक्ता असतो. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर धुराची चव घेऊन ‘कमी पडलं’, ‘जास्त झालं’ सांगतो आणि ईसीयू तक्त्यात टक्क्यांनी दुरुस्ती करतो. माझ्या गाडीत लाँग टर्म ट्रिम, म्हणजे टिकून राहिलेली दुरुस्ती, अधिक ६ टक्के दिसलं. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाप्रमाणे याचा अर्थ कुठेतरी हवा गळतेय असा झाला असता. पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई२०ला साडेतेराच्या आसपास, कारण इथेनॉल स्वतःचा थोडा ऑक्सिजन घेऊनच येतं. त्यामुळे जुना ईसीयू ई२०वर काही टक्के जास्त इंधन सोडणारच. म्हणजे इथेनॉलचा वाटा मला स्क्रीनवर आकड्यात दिसला, आणि तो हिशेबाएवढाच निघाला.

मग कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. आमच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. एक लाल दिवा आहे, तो फार तापलं तरच लागतो. धायरीहून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे निघालो. पंधरा मिनिटांनी ६६ अंश. ट्रॅफिकमध्ये थांबलो तर ७१. बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या रस्त्याला ८०चा वेग धरला आणि आकडा चढण्याऐवजी उतरायला लागला. ६४, ६०, ५७, ५३.

गाडी बाजूला घेऊन थांबलो आणि बघतच राहिलो. बाहेर २४ अंश, पाऊस, इंजिन अर्धा तास चाललेलं, आणि तापमान त्रेपन्न! जे इंजिन ८५-९०ला चालायला हवं ते कायम सकाळच्या पारोशा अवस्थेत पळतंय. न्यूट्रलला आरपीएम ८८० दाखवतोय, म्हणजे ईसीयूसुद्धा त्याला अजून ‘गार’च समजतोय.

आणि हीटर. तो इंजिनच्याच कूलंटवर चालतो. तीन वर्षं बायको नेमकं हेच सांगत होती.

१५ सप्टेंबर

इंजिन आणि रेडिएटरच्या मधे थर्मोस्टॅट व्हॉल्व असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो, पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि लवकर तापतं. ठरावीक तापमानाला आतलं मेण फुगतं, दांडा सरकतो, रस्ता उघडतो. विजेचा संबंध नाही. तो उघडा अडकला किंवा मुळात नसलाच तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून जातं. मग गाडी जितकी जोरात पळेल तितका जास्त वारा आणि तितकं इंजिन गार. कालचा उतरता आकडा ही त्याचीच खूण.

इंजिन गार राहिलं तर पेट्रोल का जास्त लागतं? एकच कारण नाही. ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं. सिलिंडरच्या गार भिंती ज्वलनाची उष्णता जास्त ओढून घेतात. पेट्रोलचे थेंब नीट वाफ होत नाहीत, काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतात. (डिपस्टिकचा वास घेतला. पेट्रोल.) न्यूट्रलचे आरपीएम चढे. आणि उतारावर पाय काढल्यावर इंजेक्टर बंद ठेवायची जी सोय असते, ती इंजिन पुरेसं गरम नसेल तर बऱ्याच गाड्यांत चालूच होत नाही.

संध्याकाळी आण्णांना फोन केला. विचारलं, तुमच्या काळात थर्मोस्टॅटचं काही काम झालं होतं का?

‘माझ्या काळात काही नाही. अरे, तूच नाही का मला घाटातून फोन केलास? बावीसच्या मे महिन्यात. गाडी तापली, गॅरेजवाला व्हॉल्व काढू म्हणतोय, काढू का?’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘मी म्हटलं, विचार कर. तू म्हणालास, काढलाय.’

आठवलं. खंबाटकी, दुपारी दोन, मुलगी रडत होती. रेडिएटरचा पंखा जळला होता. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने पंखा बदलला आणि वर सल्ला दिला: ‘आपल्याकडे याची गरज नाही साहेब, ते थंड देशात लागतं. काढून टाकतो, पुन्हा कधी तापायची नाही.’ मीच मान डोलावली. बिल कप्प्यातच होतं, वहीच्या दोन कागद खाली. आणि गाडी खरंच पुन्हा कधी तापली नाही.

ही समजूत आपल्याकडे गॅरेजोगॅरेजी आहे आणि ती वरवर खरी वाटते, कारण व्हॉल्व काढला की तापण्याची तक्रार जाते. पण तापण्याचं खरं कारण पंखा, गळती, चोंदलेला रेडिएटर यांपैकी काहीतरी असतं. ते दुरुस्त झाल्यावर व्हॉल्व परत बसवायला कोणी येत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. ९९,३९८

आधी टाकी: ३११ किमी, २७.९ लिटर, ११.१५. व्हॉल्वआधीची शेवटची शहरातली टाकी.

नवीन थर्मोस्टॅट गास्केटसकट काल आणला. बसवण्याआधी घरीच तपासला. चहाच्या पातेल्यात पाणी, दोऱ्याला बांधून व्हॉल्व मधोमध लोंबकळत, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं आहे. ८१ला काही नाही, ८३ला कडेने केसाएवढी फट, ९३-९४ला पूर्ण उघडा. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटला. पाण्याला उकळी ९८लाच फुटली. थर्मामीटर बिघडलेला नाही, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मुलीने तिनदा उघडझाप करायला लावली. पातेलं आता गॅरेजचं झालं, घरात दुसरं आणायचं असा निकाल लागला.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने दोन बोल्ट काढून झाकण उचललं. आत मोकळं भोक.

‘दादा, हे कोणी काढलं?’

‘मीच.’

तो काही बोलला नाही. व्हॉल्वचं छोटं भोक, ज्यातून अडकलेली हवा निघते, ते वरच्या बाजूला ठेवून बसवला. मी विचारलं तर म्हणाला, खाली ठेवलं तर वर हवा कोंडते. जुना कूलंट चहासारखा झाला होता, नुसतं नळाचं पाणी भरत आल्याचा परिणाम. धुऊन काढला, तयार मिसळलेला नवीन भरला, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. व्हॉल्व, कूलंट, मजुरी धरून २,१५० रुपये.

परत येताना सात मिनिटांत ८४. बायपासला ८०च्या वेगात ८५ ते ८७. ट्रॅफिकमध्ये ९६ला पंखा लागला, ९१ला बंद. म्हणजे पंखाही शाबूत. न्यूट्रलला ७२०. आणि हीटर लावला तर हात मागे घ्यावा लागला.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार. पूजेत स्पॅनर, जॅक, हवेचा गेज, आणि मुलीच्या आग्रहाने ओबीडीचं यंत्र. त्यालाही हळदकुंकू. चालतं अजून.

११ ऑक्टोबर, शनिवार. ९९,७००

३०२ किमी, २३.६ लिटर. १२.८.

मधे दसऱ्याची सुट्टी, बाकी रस्ता तोच, ट्रॅफिक तोच, चालवणारा मीच. ११.१५वरून १२.८, जवळजवळ १५ टक्के. पंपावरच कॅल्क्युलेटर दोनदा चालवला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.

आजच ऑइलही बदललं. पेट्रोलचा वास येणारं ऑइल ठेवण्यात अर्थ नव्हता. गेल्या वेळी ‘इंजिन जुनं झालंय, जाड टाकू’ म्हणून २०डब्ल्यू-४० टाकलं होतं. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आहे, तेच टाकलं. ऑइल पीत असलेल्या इंजिनला जाड ऑइल देतात हे ठीक, पण माझं थेंबभरही पीत नव्हतं. सोबत चार प्लग. जुन्यांची फट झिजून वाढली होती, एकावर काजळी. एअर फिल्टर बदलला नाही, झटकून परत लावला. कार्ब्युरेटरच्या काळात चोंदलेल्या फिल्टरने पेट्रोल वाढायचं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू हवा मोजूनच पेट्रोल सोडतो, त्यामुळे गाडी मंदावते पण ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही. ‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला गाड्या बदलल्या तरी बदललेला नाही.

ऑइल आणि प्लग एकत्र. नियम पुन्हा मोडला.

२४ ऑक्टोबर. १,००,०४१

दिवाळीची वाई फेरी. निघताना ९९,८१८. मधल्या ११८ किलोमीटरांची टाकी इतकी छोटी की तिच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही (१२.९७ होता). फेरीचं: २२३ किमी, १२.६ लिटर. १७.७.

ऑगस्टमध्ये १५.० होतं. ई२० धरून माझी अपेक्षा सव्वासतरा ते साडेसतराची. आता तक्रार नाही. येताना शिरवळजवळ ओडोमीटर एक लाखावर गेला. मुलीने फोटो काढायला फोन धरेपर्यंत १,००,००१.

मधे एका पहाटे पाचगणीहून पसरणी घाट उतरताना एक जुना वाद मिटवला. आमच्याकडे घाट उतरताना न्यूट्रल टाकणं म्हणजे हुशारी समजतात, आण्णासुद्धा त्यातलेच. गाडी तिसऱ्या-दुसऱ्या गियरमध्ये, पाय पूर्ण काढलेला, फोन मुलीच्या हातात. ॲप पेट्रोलचा खर्च दाखवतच होता, पण तो हवेच्या दाबावरून अंदाज बांधतो, इंजेक्टर बंद आहे हे त्याला कळत नाही. बघायचं ते ऑक्सिजन सेन्सरकडे. एरवी ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचणारा आकडा ०.०२वर आडवा पडला. फ्युएल सिस्टीमची स्थिती ‘ओपन लूप’. म्हणजे सायलेन्सरमधून निव्वळ हवा चाललीय. पेट्रोल शून्य. चाकंच इंजिन फिरवतायत.

न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास जातंच. ते मोजायला घाटात न्यूट्रल टाकायची गरज नाही, उभ्या गाडीतही तेवढंच जातं. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. पसरणीच्या वळणांवर ब्रेक तापून पाय खाली गेला तर वाचवलेल्या पेट्रोलचं काय करायचं?

आण्णांना सांगितलं. म्हणाले, ‘आमची पहिली गाडी कार्ब्युरेटरची होती.’ मुद्दा बरोबर आहे. कार्ब्युरेटर उतारावरही पेट्रोल ओढत राहायचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार. १,००,३१८

योगायोग असा की या टाकीलाही बरोबर २७७ किमी. ऑगस्टमध्ये तेवढ्याला २५.६ लिटर लागले होते, आज २०.७. ४.९ लिटर कमी, म्हणजे पाचशे रुपये. ॲव्हरेज १३.४.

यापुढे गाडीत शोधण्यासारखं फार उरलेलं नाही. आता चालवणारा. चार दिवस वेळ मोजली: जाऊन-येऊन रस्त्यावर ९५ मिनिटं, त्यातली २५ गाडी जागेवर उभी. एसी चालू असताना उभ्या गाडीचा खर्च ॲपच्या अंदाजाने तासाला १.१ लिटर. २५ मिनिटांचे साडेचारशे मिली. दिवसाला दीड लिटर लागतं, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच जागी उभं राहण्यात जळतो. राजाराम पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला ९० सेकंद दिसले की आता इंजिन बंद करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मागच्या स्कूटरवाल्याला वाटलं, गाडी बंद पडली. धक्का मारायला उतरला बिचारा.

२९ नोव्हेंबर, शनिवार. १,००,५६१

दोन आठवडे माझा पाय मुरगळला होता म्हणून बायको मला सोडून पुढे तिच्या ऑफिसला जात होती. वाट माझ्यापेक्षा तीन किलोमीटर लांब, ट्रॅफिक तसाच. २४३ किमी, १७.० लिटर. १४.३.

शेजारी बसून फोनकडे बघत होतो. दोन हजार आरपीएमला ती गियर बदलते, मी तीन हजारांपर्यंत ताणतो. शंभर मीटरवर लाल दिवा दिसला की तिचा पाय निघतो, मी पन्नास मीटर आणखी पळवून ब्रेक मारतो आणि दोघं एकाच सिग्नलला उभे. सात टक्के. थर्मोस्टॅटच्या निम्मे, खर्च शून्य.

‘यंत्राची गरज नव्हती, मला विचारायचंस,’ असं ती म्हणाली. हीटरबद्दलही ती हेच म्हणाली होती, त्यामुळे गप्प बसलो.

३० नोव्हेंबर, वाई

चार महिन्यांचा खर्च: यंत्र, गेज, पिना, व्हॉल्व, ऑइल, प्लग सगळं मिळून साडेआठ हजार. ऑइल आणि प्लग तसेही बदलायचेच होते, ते सोडले तर साडेचार. महिन्याला हजारएक वाचतायत. राहिलेलं: ऑक्सिजन सेन्सर लाखभर किलोमीटर चाललाय, हल्ली जरा संथ नाचतो. त्याचं नंतर.

सगळे आकडे मी आण्णांच्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली उतरवून ठेवले होते. ते ओसरीवर चष्मा लावून वाचत बसले. शेऱ्याचा रकाना रिकामा का म्हणून विचारलं. मग खिशातलं पेन काढून १४.३समोर स्वतःच लिहिलं: ‘सूनबाई.’

पान मागे उलटलं. डिसेंबर २०१८च्या खाली थेट ऑगस्ट २०२५. ‘मधलं कुठाय?’

‘मोजलंच नाही.’

त्यांनी पट्टी मागितली, दोन नोंदींच्या मधे एक आडवी रेघ ओढली आणि रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं: ‘मे २२ ते सप्टें. २५, व्हॉल्व नव्हता. नोंद नाही.’